रोज एका वस्तूचा निकाल

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात आपल्याकडे घरोघर जी झाडलोट चालते, तिच्यात माळ्यावरच्या पेट्या खाली येतात, त्यांच्यावरची वर्षभराची धूळ पुसली जाते, पितळेची भांडी चिंचेने घासून लखलखीत होतात, आणि चार दिवसांच्या श्रमानंतर त्याच पेट्या त्याच माळ्यावर, त्याच क्रमाने, पुनश्च जाऊन बसतात. या श्रमाला मी कमी लेखीत नाही; ज्या समाजाने आश्विन अमावास्येला नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहून तिला लक्ष्मी मानले, आणि त्याच रात्री अलक्ष्मीला उंबऱ्याबाहेर घालवण्याचा विधी सांगून ठेवला, त्याला स्वच्छतेचे मोल नव्याने शिकवण्याची गरज नाही. परंतु ही वार्षिक झाडलोट धुळीची असते, वस्तूंची नसते. वस्तूचा विचार करायला जो निवांतपणा लागतो, तो एका बाजूला चकलीची भाजणी आणि दुसऱ्या बाजूला पाहुण्यांची वर्दळ असताना मिळणे अशक्यच. म्हणून हातात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला त्या दिवसांत एकच उत्तर मिळते, की असू दे, लागेल कधीतरी.

अडगळ ही आळसाची खूण आहे, असे जे सर्रास म्हटले जाते, ते मला पटत नाही. पहाटे उठून सडारांगोळी करणाऱ्या, दिवसभर पदर खोचून वावरणाऱ्या अत्यंत उद्योगी गृहिणींचे माळेही मी भरलेलेच पाहिले आहेत. माझ्या मते घरात साठलेली प्रत्येक निरुपयोगी वस्तू हा एक तहकूब ठेवलेला निर्णय असतो. बंद पडलेले घड्याळ दुरुस्तीला टाकायचे की मोडीत काढायचे, मुलाच्या पहिल्या सायकलीचे काय करायचे, वास्तुशांतीला आलेला आणि एकदाही न पेटवलेला लामणदिवा कोणाला द्यायचा, या प्रश्नांची उत्तरे त्या त्या दिवशी सुचली नाहीत, म्हणून ती वस्तू फडताळात गेली आणि प्रश्नासकट तिथेच राहिली. असे शेदोनशे प्रश्न एका रविवारी कोणाही माणसापुढे मांडले, तर पहिल्या दहा-वीसांनंतर त्याची बुद्धी थकते; मग तो एक तर सगळेच ठेवतो, नाही तर त्राग्याने सगळेच टाकतो, आणि दोन्ही वेळा विचार असा झालेलाच नसतो.

माझे वडील मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते, आणि दफ्तर म्हणजे काय हे मी लहानपणी त्यांच्या टेबलाशी उभी राहून शिकले. सरकारी कचेऱ्यांत सहा गठ्ठ्यांची एक पद्धत आहे: चालू कामाचे कागद, कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहणारी प्रकरणे, ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रे, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात जायची निकाली प्रकरणे, आणि सहावा गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचा. निकाली कागदालाही तिथे आयुष्य नेमून दिलेले असते. ‘अ’ वर्गाचा कागद कायमचा, ‘ब’ वर्गाचा ३० वर्षांचा, ‘क’ वर्गाचा ५ ते १० वर्षांचा आणि ‘ड’ वर्गाचा अवघ्या एका वर्षाचा. या व्यवस्थेतली मला फार शहाणपणाची वाटणारी गोष्ट ही, की कागद नष्ट करणे हा तिथे रोजच्या कामाचाच एक भाग आहे, त्यासाठी मोहीम काढावी लागत नाही. जिथे ही शिस्त सुटली तिथे दफ्तरे तुंबली; आणि १९८० नंतरच्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी अशा तुंबलेल्या दफ्तराची वर्गवारी करून कचेरीला जे वळण लावले, ते पुढे त्यांच्याच नावाने राज्यभर ओळखले गेले. घराला मात्र असा सहावा गठ्ठा नसतो. बाजार, आहेर, हळदीकुंकवाचे वाण, वाढदिवसाच्या भेटी, अशा अनेक वाटांनी वस्तू आत येतात. बाहेर जाण्याची वाट कोणी आखलेली नसते.

ती वाट मी आखून घेतली. सकाळचा दुसरा चहा झाला, घरातली माणसे आपापल्या उद्योगाला लागली, की एक वस्तू हातात घ्यायची आणि तिचा निकाल लागेपर्यंत ती खाली ठेवायची नाही. आणि निकाल लागल्यावर, उत्साह कितीही असला, तरी दुसरी घ्यायची नाही. हा दुसरा नियम पहिल्याहून महत्त्वाचा आहे, कारण उत्साहाच्या भरात जो आज वीस वस्तू काढतो, तो उद्या विश्रांती घेतो आणि परवा विसरतो. वस्तू राहणार असेल तर तिला जागा नेमून द्यायची. कोणाला द्यायची असेल तर त्या माणसाचे नाव चिठ्ठीवर लिहून ती दाराशी टांगलेल्या कापडी पिशवीत घालायची. दुरुस्तीची असेल तर त्याच आठवड्यात दुकानात पोचवायची, आणि तेवढी खटपट करावीशी वाटत नसेल तर ती वस्तू आपल्याला नको आहे हे मान्य करून भंगारवाल्याची वाट पाहायची. याहून अधिक यंत्रणा लागत नाही.

स्वयंपाकघरातल्या ओट्याखालचा खण उदाहरणादाखल घेते, कारण तसा एक खण बहुतेक घरांतून असतो. आमच्याकडच्या खणात मिठाईच्या पुड्यांचे दोरे गुंडाळून केलेली लडी होती, उष्णतेने वितळून एकजीव झालेला रबरबँडांचा गोळा होता, जुन्या शेगडीचा बर्नर होता, सध्याच्या कुकरला न बसणाऱ्या शिट्ट्या होत्या, मुदत उलटलेल्या गोळ्यांच्या अर्ध्या पट्ट्या होत्या, आणि या सगळ्याच्या तळाशी, काळ्या गोफात ओवलेला, किल्ल्यांचा एक जुडगा होता. एरवी हा सारा ऐवज एका सपाट्यात कचऱ्याच्या डब्यात रिता झाला असता. रोज एक या हिशेबाने जेव्हा किल्ल्यांची पाळी आली, तेव्हा एकेक किल्ली घेऊन घरातल्या एकेका कुलपाला लावून पाहिली. काही विकून टाकलेल्या कपाटांच्या निघाल्या, काही कशाच्याच निघाल्या नाहीत, आणि मुठीला मोराची आकृती असलेली एक पितळी किल्ली माळ्यावरच्या त्या लोखंडी ट्रंकेला बसली, जिचे कुलूप तोडायला सासऱ्यांच्या पश्चात कोणाचेच मन धजावले नव्हते. त्या ट्रंकेविषयी पुढे लिहिते.

लग्नपत्रिकांचा प्रश्न मला सर्वांत नाजूक वाटला. पत्रिकेवर गणपती असतो, कुलदैवताचे नाव असते, आणि ज्या कागदावर देवाचे चित्र आहे तो पायदळी जाईल, रस्त्यात उडेल, या भीतीने पुष्कळ घरांत वर्षानुवर्षांच्या पत्रिका देवघराखालच्या कप्प्यात साठत राहतात. ही भीती मला क्षुद्र वाटत नाही. तिच्यामागे आदर आहे, आणि आदराला बाहेर जायला आदराचीच वाट दिली पाहिजे. पूर्वी ती वाट नदीकडे जात असे, आणि नद्यांची जी अवस्था आपण करून ठेवली आहे ती पाहता तिकडे आता जाऊ नये. मी मंगलमूर्तीचे चित्र कातरीने कापून वेगळे करते, ती कात्रणे कुंडीतल्या मातीत घालते, आणि मागची कोरी बाजू वाणसामानाची यादी लिहायला वापरते. हल्लीच्या पत्रिकांना लावलेला प्लास्टिकचा पातळ थर मात्र मातीत कुजत नाही, तेव्हा छापून घेणाऱ्यांनी साधा कागद निवडला, तर पुढच्या अनेक घरांवर उपकार होतील.

कपड्यांच्या बाबतीत आपल्या आज्या-पणज्यांना अशी सवय लावून घ्यावी लागली नाही, कारण सुती वस्त्राचा उतरता प्रवास त्यांच्या हाताखाली आपोआप चालत असे. नेसूचे लुगडे विरले की त्याची गोधडी किंवा बाळोती, गोधडी फाटली की पायपुसणे, त्याच्याही चिंध्या झाल्या की मसोटा आणि शेवटी पोतेरे; जे यात बसत नसे ते बोहारणीला देऊन पातेले घेतले जाई, आणि ती घासाघीस उंबऱ्यात बसून तासभर रंगे. नायलॉन आणि पॉलिएस्टर आले, आणि ही साखळी तुटली. ही वस्त्रे विरत नाहीत, पाणी शोषत नाहीत, गरम भांडे धरायला निरुपयोगी, आणि बाळाच्या अंगाला टोचणारी. त्यामुळे ती फाटत नाहीत आणि वापरलीही जात नाहीत, नुसती राहतात. आज आपली कपाटे ओसंडतात त्याचे एक मोठे कारण हे आहे, असे माझे मत आहे. अशी साडी ज्या दिवशी हातात येते त्या दिवशी ती धड आहे तोवरच कोणाला तरी नेसायला द्यावी, कारण पुढची एकही पायरी तिला उपलब्ध नाही.

जपानच्या मारी कोंडो यांनी आवराआवरीवर लिहिलेले पुस्तक जगभर वाचले गेले. त्यांचे सांगणे असे, की हे काम एकदाच आणि एका दमात करावे, खोलीनिहाय न करता वर्गवारीने करावे, आधी कपडे, मग पुस्तके, मग कागद, मग किरकोळ वस्तू, आणि आठवणींच्या वस्तू सर्वांत शेवटी. आठवणींना शेवटी हात घालावा, हे मला पूर्णपणे मान्य आहे. एका दमाचा आग्रह मात्र आपल्या घरांना मानवणारा नाही, कारण आपल्याकडे एक वस्तू एका माणसाची क्वचितच असते. आमच्या घरी डालड्याच्या रिकाम्या डब्यांची एक रांग होती. सासूबाईंनी १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेल्या मिलोच्या भाकरी थापून घर चालवलेले. ज्या हातांनी त्या वर्षी धान्याचा दाणा न् दाणा डब्यात जपला, त्यांना डबा रिकामा आहे म्हणून तो निरुपयोगी आहे, असे सांगण्याचा अधिकार मला नाही. मी त्यांना रोज काही विचारीत नसे, अधूनमधून एखादा डबा त्यांच्यापुढे ठेवून, “आई, याचं काय करू?” एवढेच म्हणत असे. कधी “असू दे गं” असे उत्तर येई, आणि तो डबा परत रांगेत जाई. कधी त्या तळाशी बोट फिरवून पाहत आणि म्हणत, “हा ने, याला गंज धरलाय. पण तो झाकणाचा राहू दे, त्यात मेथ्या बऱ्या राहतात.” रांग हळूहळू आखडत गेली, आणि प्रत्येक डबा त्यांच्या निकालाने गेला. दुसऱ्याच्या वस्तूला त्याच्या माघारी हात लावू नये, ही अट मी या सवयीत सर्वांत वर ठेवते. ज्या घरात ती मोडते तिथे जागा मोकळी होते आणि माणसे दुखावतात.

आता ती ट्रंक. तिच्यात सासऱ्यांचे शाळा सोडल्याचे दाखले, सातबाऱ्याचे जुने उतारे, तारेत ओवलेल्या शेतसाऱ्याच्या पावत्या, आणि तांबड्या खारव्यात बांधलेला मोडी कागदांचा एक गठ्ठा निघाला. कागदाच्या बाबतीत घाईने केवढे नुकसान होते, हे महाराष्ट्राला तरी वेगळे सांगायला नको. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून वाड्यावाड्यांतून जी जुनी दफ्तरे मिळवीत फिरले, त्यांतूनच १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला आणि पानिपतापर्यंतच्या दशकातली पत्रे अभ्यासकांपुढे आली; ती दफ्तरे ज्यांच्या घरी होती, त्यांतल्या कितीतरी जणांना त्यांची किंमत ठाऊक नव्हती. आणि हे केवळ इतिहासाचे प्रयोजन नव्हे. जातपडताळणीसाठी आजोबांच्या शाळेतली एक नोंद मिळावी म्हणून आजही माणसे कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतात. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध आरंभला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती निकड भासली, हे आपण पाहिलेच. वीज-पाण्याची जुनी बिले, हमीची मुदत सरलेली कार्डे, बंद झालेल्या खात्यांची पासबुके, यांना घरातला ‘ड’ वर्ग समजावे. खरेदीखत, जन्ममृत्यूचे दाखले, शाळेचे दाखले, वाटणीपत्रे यांना ‘अ’ वर्ग. आणि जे वाचता येत नाही त्याला, वाचले जाईपर्यंत, ‘अ’ वर्गच मानावे.

आमचा गठ्ठा मी रोज एक कागद या गतीने उलगडते आहे. घडीवर तुटू पाहणारा कागद ओढायचा नाही, सपाट पाटावर ठेवून हलके हलके मोकळा करायचा, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यायची, आणि मागे ठेवलेल्या कोऱ्या चिठ्ठीवर अनुक्रमांक घालून तो होता त्याच क्रमात ठेवायचा, कारण कागदांचा क्रम हीही माहितीच असते. टाचण्या गंजून कागद खातात, त्या काढाव्यात. चिकटपट्टी लावू नये. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये, धुतलेल्या सुती कापडात बांधावे. ज्यांच्या घरी असा गठ्ठा असेल आणि वाचणारे कोणी नसेल, त्यांनी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात चौकशी करावी. मोडीचे वर्गही आता ठिकठिकाणी निघतात, आणि त्यांत बसलेल्या तरुण मुलांना वाचायला खरा कागद हवाच असतो.