शंभर टक्के कुणाचे?



मागच्या डिसेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत जाण्याचा योग आला. मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘यंदाचं लक्ष्य : दहावीचा निकाल 100 टक्के’. आदल्या वर्षीही हे लक्ष्य गाठल्याचं सरांनी अभिमानाने सांगितलं. चहा झाल्यावर मी नववीचा हजेरीपट मागितला. दिवाळीनंतर पाच मुलींच्या नावांपुढे ओळीने गैरहजेरी. विचारलं, तर सर सहज म्हणाले, “त्या दहावीपर्यंत टिकणाऱ्या नाहीत मॅडम. फारच वाटलं तर बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरतील.”

परतीच्या वाटेवर त्यांच्यातलीच एक भेटली. कमरेला ओटी बांधून आईबरोबर कापूस वेचत होती. मी शाळेचा विषय काढताच आई म्हणाली, “मॅडम, दोघी वेचतो तवा घर चालते. अन् शाळेतून तं कोनी विचाराले बी नाही आलं.”

आईच्या या दुसऱ्या वाक्याने मला हे संपादकीय लिहायला लावलं. गरिबीचं उत्तर एकट्या मुख्याध्यापकांजवळ नाही, हे आपण सगळ्याजणी जाणतो. पण विचारायला तरी कुणी का गेलं नाही? कारण ती मुलगी शाळेच्या लक्ष्यातच नव्हती. निकालाची टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची निघते. जी बसलीच नाही, ती नापासही होत नाही. उलट अभ्यासात मागे पडलेली मुलगी निघून गेली, तर शंभर टक्के अधिक जवळ येतात! कुणी दुष्टपणे हे करतं असं मी म्हणत नाही. लक्ष्यच असं आखलेलं आहे, की तिच्या जाण्याने शाळेचं काही बिघडत नाही.

लक्ष्य ठरवण्याला माझा विरोध नाही. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवून दिलं आहे, की ‘होईल तेवढं करा’ असं मोघम सांगण्यापेक्षा नेमकं आणि थोडं अवघड उद्दिष्ट समोर असलं, तर माणसाचं काम सुधारतं. मात्र ते उद्दिष्ट त्याने मनापासून स्वीकारलेलं हवं आणि आपण कुठवर आलो हे त्याला वेळोवेळी कळायला हवं. बचत गट चालवणाऱ्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. ‘बचत वाढवू’ म्हटल्याने बचत वाढत नाही. ‘दर महिन्याच्या पाच तारखेला प्रत्येकीचे शंभर रुपये’ म्हटलं की वाढते.

आपल्या शाळांनाही लक्ष्यं नवी नाहीत. 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला, पायाभूत चाचण्या आल्या, शाळा ‘प्रगत’ करण्याची चढाओढ लागली. 2021 मध्ये ‘निपुण भारत’ आलं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, साधी आकडेमोड यावी, हे 2026-27 सालापर्यंत गाठायचं उद्दिष्ट त्यात ठेवलं गेलं. हेतू चांगलाच आहे. वाचता न येणारी पोर पाचवी-सहावीत गप्प बसते आणि आठवीनंतर शाळेतून नाहीशी होते, हे आपण गावोगाव पाहतो. पण वरून आलेलं लक्ष्य खाली पोहोचेपर्यंत त्याचा एक रकाना होऊन जातो. रकाना भरला की काम संपलं. चाचणीच्या दिवशी हजर असलेल्यांची प्रगती मोजली जाते. गैरहजर असलेलीचं काय, याला त्यात जागा नसते.

ही अडचण आजची नाही. इंग्लंडमध्ये 1862 पासून शाळांना मुलांच्या हजेरीवर आणि परीक्षेतल्या निकालावर अनुदान मिळू लागलं. तिथे शिक्षक घोकंपट्टीच्या मागे लागले आणि अखेर ती पद्धत सोडून द्यावी लागली. आपल्याकडेही निकालावर पैसा देण्याची ही रीत आली होती. 1882 मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात त्यांनी स्पष्ट म्हटलं, की गरीब आणि शिक्षणापासून दूर ठेवलेल्या लोकांत शिक्षण पसरवायला ही पद्धत उपयोगाची नाही. ज्यांना अजून शिक्षणाची गोडीच लागलेली नाही, त्यांच्यात स्वतःच्या भरवशावर शाळा काढायला कोणता शिक्षक धजावेल? त्याचं पोटच भरणार नाही! निकाल मोजायच्या आधी मुलं शाळेत येतील आणि टिकतील, याची तजवीज सरकारने करावी, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. 1848 मध्ये ज्यांनी सावित्रीबाईंसोबत भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, त्यांना हे अनुभवाने ठाऊक होतं.

मग मुख्याध्यापकांनी लक्ष्य कसं ठरवावं? याच जिल्ह्यात एका तांड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिका मी पाहिल्या आहेत. तांड्यावरची अर्धीअधिक घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. बाईंनी दोनच लक्ष्यं ठरवली होती. एक, दसऱ्याला पटावर असलेलं प्रत्येक मूल होळीनंतरही पटावर असेल. दोन, प्रत्येक मूल दर महिन्याला वाचनात एक पायरी वर चढेल. दसऱ्याआधीच त्या घरोघर जाऊन कोण जाणार, मूल कुणाकडे राहणार, याची यादी करत. ज्यांना मागे ठेवता येईल त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत पाठवत. जे जाणारच त्यांच्या हाती शिक्षण हमी पत्रक देत, म्हणजे जातील तिथल्या शाळेत बसता यावं. महिन्याच्या शेवटी आयांना बोलावून त्यांच्यासमोर मुलांना वाचायला लावत. ज्या आईला अक्षर कळत नाही, तिलाही पोरगी अडखळते की सरसर वाचते हे कळतंच की!

यात फार मोठं काही नाही. फक्त इथे लक्ष्य ठरवताना ‘कोण दिसत नाही?’ हा प्रश्न आधी विचारला गेला.

हा प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्यालाही आहे. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असायला हव्यात, आणि शाळा विकास आराखडा या समितीने करायचा आहे. म्हणजे शाळेचं लक्ष्य लिहिण्याची लेखणी कायद्याने बायकांच्याही हाती दिली आहे. प्रत्यक्षात आपल्या सदस्य भगिनींना बैठकीचं रजिस्टर घरी आणून सहीपुरतं दाखवतात. शिवाय हा कायदा चौदा वर्षांपर्यंतचा. नववीतली मुलगी त्याच्या बाहेर, आणि नेमका तोच काळ कापसाचा, धाकट्या भावंडांचा आणि लग्नाच्या बोलण्यांचा. तिथे पालक-शिक्षक संघातून आपल्यालाच बोलावं लागेल.

म्हणून माझी विनंती आहे. या तिमाहीत प्रत्येक गटाने आपल्या गावच्या मुख्याध्यापकांना भेटावं. भांडायला नाही, सोबत बसायला. जूनमध्ये पटावर मुली किती होत्या आणि आज वर्गात किती आहेत? सलग पंधरा दिवस न आलेल्या मुलीच्या घरी कोण जातं? दाखला काढून नेलेली मुलगी दुसऱ्या शाळेत खरंच पोहोचली का? आणि निकालाची टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची, की तीन वर्षांपूर्वी आठवीत असलेल्या सगळ्यांची? हा शेवटचा हिशेब भिंतीवर लिहायला सांगा. आकडा शंभरावरून खाली येईल. येऊ द्या. खरा आकडा दिसला, तरच तो वाढवता येईल.

त्या पाचजणींचं पुढे काय झालं, हे सांगायला हवं. आम्ही गटातल्या बायका चार वेळा त्यांच्या घरी गेलो, सरांनाही एकदा सोबत नेलं. तिघी फेब्रुवारीत वर्गात परतल्या. एक कुटुंबाबरोबर ऊसतोडीला गेलेली होती. पाचवीचं लग्न लागून गेलं होतं. आम्हाला कळलं, ते पंधरा दिवस उशिरा. गैरहजेरीच्या त्या ओळी मात्र हजेरीपटात दिवाळीपासून होत्या.

तुमच्या गावचा अनुभव जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.