विश्लेषण : गोल्फमध्ये ‘फेअरवे’चे मोल का घटले?

अमेरिकेचा ब्रायसन डिशॅम्बो २०२० मध्ये अमेरिकन खुली स्पर्धा जिंकला, तेव्हा चार फेऱ्यांत त्याचे ५६ पैकी अवघे २३ फटके फेअरवेवर पडले होते. तरीही विंग्ड फूटच्या अवघड मैदानावर एकूण ‘पार’पेक्षा कमी फटक्यांत स्पर्धा संपवणारा तो एकमेव ठरला. चेंडू रस्ता सोडून भरकटूनही विजेतेपद मिळत असेल, तर मग फेअरवे हवा कशाला?

फेअरवे म्हणजे नेमके काय?

पहिला फटका जिथून मारतात ती ‘टी’ आणि झेंडा असतो ते ‘ग्रीन’, यांच्यामधला बारीक कापलेल्या गवताचा पट्टा म्हणजे फेअरवे. त्याच्या दोन्ही बाजूंना वाढलेले गवत म्हणजे ‘रफ’. गंमत म्हणजे, मैदानाचा स्वतंत्र विभाग म्हणून नियमपुस्तकात फेअरवेला स्थान नाही. फेअरवे आणि रफ हे दोन्ही ‘सर्वसाधारण क्षेत्रा’तच मोडतात. म्हणजे रफमध्ये गेल्याबद्दल दंडाचा फटका नाही. शिक्षा होते ती पुढच्या फटक्यात.

ही शिक्षा कशी होते?

फेअरवेवर चेंडू गवतावर मोकळा बसतो. क्लबच्या खाचा त्याला नीट पकडतात, त्याला उलटी फिरकी मिळते आणि तो ग्रीनवर पडून थांबतो. रफमध्ये क्लब आणि चेंडू यांच्यामध्ये गवत येते, फिरकी कमी होते आणि चेंडू ग्रीनवरून घरंगळत पुढे जातो. फेअरवे हे अचूकतेचे बक्षीस आहे, ते असे.

मग हे बक्षीस स्वस्त का झाले?

आधुनिक क्लब, चेंडू आणि व्यायामाने कमावलेली ताकद यांमुळे पहिला फटका फार दूर जातो. उरलेले अंतर इतके कमी असते, की आखूड क्लबने रफमधूनही ग्रीन गाठता येते. फेअरवेवरून १८० यार्ड मारण्यापेक्षा रफमधून १२० यार्ड मारणे अनेकांना परवडते. २०१० मध्ये व्यावसायिक स्पर्धांत क्लबच्या खाचांवर मर्यादा आली, ती रफची शिक्षा पुन्हा जाणवावी म्हणूनच. ताकदीचा खेळ त्यानेही थांबला नाही.

मैदाने लांबवणे हा उपाय आहे का?

ऑगस्टा नॅशनलने २०२३ च्या मास्टर्सआधी तेराव्या होलची टी मागे नेली आणि ५१० यार्डांचा होल ५४५ यार्डांचा केला. त्यासाठी शेजारच्या क्लबची जमीन विकत घेतली होती. हे ऑगस्टाला जमले, इतरांना कसे जमावे? लांबी वाढली की जमीन, पाणी आणि देखभालीचा खर्चही वाढतो. शिवाय त्यातून लाभ होतो तो पुन्हा लांब मारणाऱ्यालाच.

भारतातील अनुभव काय सांगतो?

दिल्ली गोल्फ क्लबच्या फेअरवेंना दाट झुडपांची किनार आहे. चेंडू आत गेला की सापडला तरी मारता येईलच असे नाही. त्यामुळे भलेभले तिथे ड्रायव्हर पिशवीतच ठेवतात. लांब फटक्यांसाठी कधीच ओळखला न गेलेला एसएसपी चौरासिया २०१६ ची इंडियन ओपन याच मैदानावर जिंकला. कोलकात्यात मैदानाची निगा राखणाऱ्याच्या या मुलाला लांबी नाही, दिशा जिंकवून गेली.

पुढे काय?

अधिक कडक चाचणीतून चेंडूच्या पल्ल्याला लगाम घालण्याचा निर्णय नियामक संस्थांनी डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केला. सर्वांत लांब मारणाऱ्यांचे त्यामुळे १३ ते १५ यार्ड कमी होतील, असा त्यांचा अंदाज आहे. उत्पादक आणि काही खेळाडूंनी नाराजी व्यक्त केली असली, तरी दिशा योग्य आहे. मात्र चेंडूच्या बरोबरीने मैदानांच्या आखणीतही बदल हवा. ताकद हा गुण आहेच, पण चुकलेल्या फटक्याची किंमत मोजावी लागली नाही, तर अचूक फटक्यालाही किंमत उरत नाही. मैदान शंभर यार्डांनी लांबवण्यापेक्षा फेअरवे जपणे स्वस्त आहे आणि खेळाच्या हिताचेही.