माळ ओवणारीची मजुरी कोण धरणार?



कापसाचा भाव पडला की गावात साहेबांची जीप येते आणि जोडधंद्यावर व्याख्यान होते. आधी कोंबड्या झाल्या, मग शेळ्या, मग पापड-लोणची. आता मण्यांचे दागिने आले आहेत. शेती परवडत नाही ना, मग बायांनी घरबसल्या माळा, कानातले कराव्यात. प्रदर्शनात गाळा मिळेल, फोटो निघेल. फोटोत साहेब मधोमध आणि माळ ओवणारी कडेला.

या कामाला आमचा विरोध नाही. कोरडवाहूच्या कित्येक घरांत याच पैशावर किराणा येतो, पोरीची एस.टी.ची पास निघते. त्या हातांना आमचा नमस्कार आहे. विरोध आहे तो हिशेबाच्या चोरीला.

हिशेब मांडूनच पाहू. धरा, एक माळ १५० रुपयांना गेली. मणी, दोरा, आकडा यांचे ६० रुपये. विकणाऱ्याचे आणि जाण्यायेण्याचे ५० रुपये. उरले ४०. सगळे म्हणतात, ४० रुपये नफा झाला! पण त्या माळेला चार तास लागले, म्हणजे तासाला १० रुपये. हे आकडे उदाहरणाचे आहेत. त्या जागी आपल्या घरचे आकडे घाला आणि तासाचा दर काढा. मग तो निंदणाच्या रोजाशी ताडून पाहा. दिवसभर वेचणी करून, भाकरी थापून, रात्री दिव्याखाली डोळे फोडून जे मिळते तो नफा नव्हे. ती अर्धीमुर्धी मजुरी आहे.

आपल्या कापसाचे तरी काय वेगळे? पण एक फरक आहे. हमीभाव काढताना सरकारच्या कागदावर घरच्या माणसांच्या श्रमाचा एक रकाना तरी असतो. त्यात रक्कम कमी धरतात, त्यावर आपण भांडतो. माळेच्या किमतीत तो रकानाच नाही. बाईचा वेळ फुकट, असे गृहीत धरूनच हा जोडधंदा उभा आहे.

आणि जोडधंद्याची वेळ आणली कोणी? २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. त्याच हंगामाच्या तोंडावर, १९ ऑगस्ट २०२५ पासून, परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. एका हाताने कापसाचा भाव पाडायचा आणि दुसऱ्या हाताने बायकोच्या पुढ्यात मण्यांचा डबा ठेवायचा, याला सक्षमीकरण म्हणतात!

मोठ्या बाजारपेठेतही कथा हीच. कोल्हापूर जिल्ह्यातले हुपरी चांदीच्या पैंजणांसाठी देशभर ओळखले जाते. तिथल्या आणि आसपासच्या गावांतल्या बाया घरोघरी बसून हे काम करतात. चांदी दुसऱ्याची, काम आपले. २०२५ साली चांदी किलोला लाखाच्या पुढे गेली. ज्याच्याकडे चांदी त्याचे भांडवल वाढले. चांदीचा भाव चढला म्हणून कारागीर बाईची मजुरी काही आपोआप चढत नाही.

१९४८ च्या किमान वेतन कायद्याने माल घरी नेऊन काम करणाऱ्यालाही कामगार मानले होते. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने अशा कामासाठी वेगळा करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. कागद आहेत. मजुरी मोजायला दारात कोणी आलेले नाही.

आता थोडे आपल्या ओसरीवर. सरकारवर बोट ठेवणाऱ्या भावांनो, घरात तिचे तास आपण तरी मोजतो का? 'बसल्या बसल्या करते' असे म्हणतो. तिच्या माळेच्या पैशातून कृषी केंद्राची उधारी फेडतो आणि खात्यावर नाव मात्र आपले. व्यापारी आपल्याला लुटतो तसे आपणच तिला लुटायचे, हे आंदोलन नव्हे.

म्हणून या बैठकीत तीन गोष्टी ठरवू. एक, प्रत्येक माळेचे तास वहीत लिहायचे. दोन, निंदणाच्या मजुरीने ते तास धरूनच गटाने भाव सांगायचा आणि त्याखाली एकीनेही विकायचे नाही. तीन, पैसा तिच्या खात्यात, खर्च तिच्या मर्जीने.

'मग माळ खपणारच नाही,' असे कोणी म्हणेल. कापसाचा भाव मागितला की गिरण्या बंद पडतील, असेच आपल्याला सांगतात. खपली तर मजुरी मिळेल. नाही खपली तर हा धंदा नव्हता हे कळेल, आणि तिची रात्रीची झोप तरी वाचेल.

कापसाला भाव मागणाऱ्याने आधी घरातल्या घामाचा भाव मान्य करावा. मग साहेबाची जीप आली की दोघांनी मिळून वही दाखवावी.