अक्षरांचा न दिसणारा जुळारी

छापखान्यात खिळे जुळवून पुस्तके निघत होती, त्या काळी जुळाऱ्याचे नाव पुस्तकावर कुठेच नसे. शब्द लेखकाचे असत. पण ते कागदावर नीट उमटत ते जुळाऱ्याच्या बोटांमुळे. आज खिळे गेले. जुळारी मात्र गेलेला नाही. तो संगणकाच्या आणि मोबाईलच्या पोटात जाऊन बसला आहे. त्याचे नाव हार्फबझ.

हे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. कारण हे साधन आपण उघडत नाही. संगणकाचे कार्यक्रम लिहिणारे लोक ते आपल्या कार्यक्रमात बसवितात. ते विनामूल्य आहे आणि त्याची संहिता कोणालाही वाचता येते. बेहदाद इस्फहबोद या इराणी वंशाच्या अभियंत्याने ते वाढविले. नावही फारसीच आहे. 'हर्फ' म्हणजे अक्षर आणि 'बाज' म्हणजे खुले. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या आणि उर्दूतून शिकलेल्या आपल्या नांदेड-लातूरच्या जुन्या पिढीला 'हर्फ' हा शब्द मुळीच परका नव्हता!

हा जुळारी करतो तरी काय? 'कि' लिहिताना आपण आधी 'क' आणि मग वेलांटी टंकतो. युनिकोडमध्ये अक्षरे याच उच्चारक्रमाने साठविली जातात. पडद्यावर मात्र वेलांटी 'क'च्या आधी दिसली पाहिजे. 'अर्क' या शब्दात 'र' आधी उच्चारला जातो, पण बसतो 'क'च्या डोक्यावर. ही सारी मांडामांड हार्फबझ करते. मराठीची एक खोड तर और आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. रफार की अर्धा ऱ, एवढ्यानेच अर्थ फिरतो. हा भेद संगणकाने पाळावा, यात गणितापेक्षा व्याकरण अधिक आहे. म्हणून हा विषय केवळ विज्ञान शाखेचा नाही, तो आपलाही आहे.

मी हे का लिहितो आहे? माझ्या आत्याने २००४ साली आजीकडून जात्यावरच्या दीडशे ओव्या लिहून घेतल्या आणि लातुरातील एका दुकानात टंकवून घेतल्या. वही पुढे पावसात भिजून गेली. आजीही गेली. राहिली ती एक सीडी. मागच्या वर्षी ती उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची नुसती भेळ! जुन्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसविलेले असे. तो फाँट गेला की मराठीही गेली. रूपांतर करून पुष्कळशा ओव्या परत मिळाल्या. परंतु कित्येक ठिकाणी जोडाक्षरे फुटली आहेत, आणि तेथे आजीचा शब्द नेमका कोणता होता हे सांगणारे आता कोणी नाही.

दुकानदारास दोष देण्यात अर्थ नाही. तेव्हा युनिकोड मराठी छपाईच्या कार्यक्रमांत खरोखरच तुटत असे. युनिकोड १९९१ साली आले, त्यात देवनागरीही होती. पण ती नीट मांडणारा जुळारी सर्वत्र नव्हता. आता परिस्थिती पालटली आहे. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबर ऑफिस यांत हार्फबझ आहे. एवढेच नव्हे, तर फोटोशॉप आणि इनडिझाइन या विकत घ्याव्या लागणाऱ्या कार्यक्रमांनीही हे फुकटचे साधन स्वीकारले. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्ता' यासारखे चांगले खुले फाँटही उपलब्ध आहेत. मग 'युनिकोडमध्ये छपाई होत नाही' ही सबब आज किती दिवस चालवायची?

कोणी म्हणेल, फुकटच्या वस्तूचा भरवसा काय? शंका रास्त आहे. अशी साधने थोडे लोक सांभाळतात. त्यांनाही पोट आहे. इस्फहबोद यांनी रेड हॅट, गूगल अशा कंपन्यांत नोकरी केली. असा आधार नसता तर हे काम कितपत चालले असते? पण खुल्या साधनात एक सोय आहे. चूक दिसली तर ती कळविता येते, आणि एकाने हात काढून घेतला तरी दुसऱ्याला ते काम पुढे नेता येते. बंद कुलपाची किल्ली एकाच्याच खिशात असते. तो गेला की आपण दाराबाहेर.

म्हणून माझे मागणे मोठे नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिक्षेत्रात नांदेड आहे, लातूरही आहे. येथील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी प्रकल्प आणि लोकगीतांचे संग्रह युनिकोडमध्येच घ्यावेत. आपल्या वार्षिकांकाची छापील प्रत ग्रंथालयात राहतेच; तिच्याबरोबर युनिकोडमधील मूळ मजकूरही ठेवावा. आणि आपण विद्यार्थ्यांनी मराठी अक्षर कुठे चुकीचे दिसले, तर हसून सोडून न देता ते कळवावे. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक परदेशातल्या अभियंत्याला आपण नाही सांगणार, तर कोण सांगणार?

आपल्या गावात अजून ओव्या म्हणणाऱ्या म्हाताऱ्या आहेत. या सुटीत त्यांच्यापाशी बसाल, तेव्हा वहीत लिहा आणि मोबाईलमध्येही टंका. माझ्या आत्याला ही सोय नव्हती. आपल्याला आहे.