शनिवार तेल्यांची मुलं आणि सातवा रकाना

मंडळी, बारावीचा निकाल लागला की शिष्यवृत्तीच्या फॉर्मांची धावपळ सुरू होते. पण केंद्र सरकारच्या यादीत अल्पसंख्याक धर्म सहाच: मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि जैन. ज्यू त्यात नाहीत. म्हणजे अलिबागच्या इस्रायल आळीतल्या मुलाने केंद्राच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्तीसाठी धर्माच्या रकान्यात काय भरायचं?

संख्या कमी म्हणता? 2011 च्या जनगणनेत पारशी जेमतेम 57 हजार होते, तरी ते यादीत आहेत, आणि असायलाच हवेत. ज्यू त्याहून कितीतरी थोडे. अशा मूठभर मुलांच्या फीने सरकारी तिजोरीला काय खड्डा पडणार आहे?

महाराष्ट्राने 2016 मध्येच ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवरून ही मुलं उच्च शिक्षणाच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्तीला अर्ज करू शकतात. पण हे किती घरांत माहीत आहे? कॉलेजांनी नोटीस बोर्डावर 'ज्यू विद्यार्थीही पात्र' एवढी एक ओळ लिहिली तरी पुरे.

आपल्या किहीमचं नाव आडनावात मिरवणाऱ्या हाईम सॅम्युअल केहीमकरांनी 1875 मध्ये मुंबईत आपल्या समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. घाण्यावर तेल गाळणाऱ्या समाजाने शिक्षणाची किंमत तेव्हाच ओळखली होती. आता खासदारांनी दिल्लीत सातवं नाव मागावं. आणि आपण? ओळखीतल्या घरी आजच फोन करून महाडीबीटीचं सांगा.