गाणं आपल्या गावातही रंगतं!

कॉन्सर्ट म्हटलं की आपल्याला पुणे-मुंबईच आठवते. तिकीट, रेल्वे, मित्राच्या रूमवर मुक्काम. महिन्याचा पॉकेटमनी एका रात्रीत खल्लास! जरूर जा. पण जळगावात जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव होतो, तिथे आपल्यापैकी किती जण गेलेत? लोकमान्य टिळकांनी ज्यांना ‘बालगंधर्व’ म्हटलं, त्या नारायण राजहंसांनी लहानपणी गाण्याचे धडे जळगावातच मेहबूबखान यांच्याकडे घेतले.

इअरफोनमधलं गाणं शंभरदा ऐका, तेच असतं. समोरचं तसं नसतं. एखाद्या जागेला दाद मिळाली, की गायक तीच जागा पुन्हा वेगळ्या वळणाने घेतो. ते गाणं तेवढ्यापुरतं आपल्यामुळे घडतं.

खरी अडचण रात्रीची. होस्टेलचं गेट बंद होतं, मुलींना परवानगी मिळत नाही, धुळ्याला परतायची एसटी चुकते. कॉलेजांनी महोत्सवापुरती उशिराची मुभा द्यावी, धुळ्याहून येण्याजाण्याला एखादी गाडी ठरवावी. आपण एवढंच करू: मोबाइल खिशात ठेवून शेवटपर्यंत बसू. ऐकणारेच नसतील तर गाणारे इकडे कशाला येतील?