सणाच्या दिवशी परक्याच्या दारात



इथे इंग्लंडमध्ये रस्त्यावर कधी कधी दोन तरुण मुलं जोडीनं चालताना दिसतात. पांढरा शर्ट, टाय, थंडीचा काळा कोट आणि छातीवर छोटी काळी पाटी. पाटीवर ‘एल्डर’ आणि पुढे आडनाव. एल्डर म्हणजे वडीलधारा, पण हा वडीलधारा असतो अवघा एकोणीस-वीस वर्षांचा! मुली असल्या तर पाटीवर ‘सिस्टर’ लिहिलेलं असतं. हे मॉर्मन पंथाचे धर्मप्रचारक. त्यांच्याबद्दल आपल्या घरांतून दोनच वाक्यं ऐकू येतात: ‘दार उघडू नकोस’ आणि ‘बिचारी पोरं, थंडीत फिरतात’. मला ही दोन्ही वाक्यं अपुरी वाटतात. नाताळ जवळ आला आहे, म्हणून या मुलांविषयी चार शब्द लिहितो.

आधी थोडी माहिती. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. आज त्याचं मुख्य ठाणं युटा राज्यात सॉल्ट लेक सिटी इथे आहे. या पंथातले तरुण मुलगे दोन वर्षं आणि मुली दीड वर्ष प्रचारासाठी घर सोडतात. मुलग्यांचं किमान वय पूर्वी १९ होतं, ते २०१२ साली १८ केलं. मुलींचं त्याच वेळी २१ वरून १९ वर आणलं. कुठल्या देशात जायचं हे मुलांनी ठरवायचं नसतं. ते चर्च ठरवतं. पगार नसतो. उलट अमेरिकेतल्या मुलांना किंवा त्यांच्या घरच्यांना दरमहा ठरावीक रक्कम भरावी लागते. ती ४०० डॉलर होती, २०२० साली ५०० झाली. सतत जोडीदाराबरोबर राहायचं, आणि तो जोडीदारही आपण निवडायचा नाही. २०२४ च्या अखेरीस जगभर अशी ७०,००० हून अधिक मंडळी होती.

इंग्लंडशी तर त्यांचा संबंध फार जुना आहे. उत्तर अमेरिकेबाहेरचं त्यांचं पहिलं प्रचारकार्य इथेच, लँकेशायरमधल्या प्रेस्टन गावात, १८३७ साली सुरू झालं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला त्यांनी प्रेस्टनमध्ये आपल्या अनुयायांची मोठी सभा भरवली होती. म्हणजे नाताळ हा प्रचारकाच्या सुट्टीचा दिवस नाही, हे पहिल्या वर्षापासूनच आहे.

आता या मुलांचा नाताळ कसा जातो ते पाहा. आपल्याकडे २५ तारखेला आगगाड्या बंद, मोठी दुकानं बंद, चार वाजता अंधार. जो तो आपापल्या घरात. अनोळखी माणसानं दार वाजवावं असा तो दिवस नव्हे. पंथातलं एखादं स्थानिक कुटुंब त्यांना जेवायला बोलावतं, तेवढाच आधार. जपानमध्ये पाठवलेल्या मुलाची गोष्ट आणखी वेगळी. तिथे २५ डिसेंबरला सुट्टीच नसते. लोक स्ट्रॉबेरीचा केक आणतात, तळलेली कोंबडी खातात (१९७४ साली एका अमेरिकन कंपनीनं जाहिरात करून ही प्रथा रुजवली), पण सकाळी सगळे नेहमीच्या गाडीनं कामाला जातात. दिवाळीच्या दिवशी गणिताची परीक्षा देणाऱ्या आपल्या मुलांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

फिलिपीन्समध्ये याच्या अगदी उलट. तिथे नाताळची गाणी सप्टेंबरपासूनच वाजू लागतात. १६ ते २४ डिसेंबर असे नऊ दिवस लोक पहाटेच्या प्रार्थनेला जातात. बांबू आणि कागदाचे चांदणीसारखे कंदील घरोघरी टांगतात. त्यांना ‘पारोल’ म्हणतात. फोटो पाहिला तर तुम्ही म्हणाल, अरे, हा तर आपला आकाशकंदील! लहान मुलं बाटल्यांची झाकणं चेपून तारेत ओवतात आणि ती वाजवत दारोदार गाणी म्हणतात. पण तो सण तिथल्या कॅथॉलिक घरांचा. प्रचारक वेगळ्या पंथाचा, भाषा अर्धीमुर्धी येणारा. सगळा गाव सणात आणि आपलं घर मात्र हजारो मैलांवर, हा एकटेपणा रिकाम्या रस्त्यावरच्या एकटेपणापेक्षा कमी असेल असं मला वाटत नाही.

मग घरी फोन करता येतो का? इथेच माझ्या मुद्द्याला सुरुवात होते. पूर्वी नियम असा होता की घरी फोन वर्षातून दोनदाच करायचा, एकदा नाताळला आणि एकदा मदर्स डेला. एरवी पत्रं, आणि नंतरच्या काळात आठवड्याला ई-मेल. फेब्रुवारी २०१९ मध्ये हा नियम बदलला. आता आठवड्यातल्या मोकळ्या दिवशी घरी फोन किंवा व्हिडिओवरून बोलता येतं.

जुन्या नियमाची बाजू घेणारे म्हणतात की घरचा आवाज वारंवार ऐकला तर मन कामात रमत नाही. दूर राहिल्यानंच मुलगा स्वतःच्या पायावर उभा राहतो. आपल्यातल्याही पुष्कळांना हे पटेल. आमच्या पिढीनं ट्रंककॉलचे दिवस काढले आहेत. तीन मिनिटांत आई, वडील, काका, शेजारी असे सगळे रांगेत उभे राहून बोलायचे. ‘त्यानं आमचं काही बिघडलं का?’ असं आपण ऐटीत विचारतो.

मला मात्र २०१९ चा बदल योग्य वाटतो. त्या तीन मिनिटांत आपण काय बोलायचो ते आठवा. ‘मी मजेत आहे. थंडी आहे. जेवण ठीक आहे.’ सगळं घर कान लावून बसलेलं असताना कोण सांगणार की मला रात्री झोप येत नाही? वर्षातला एकच फोन असला, की तो आनंदाचाच व्हावा असं दोन्हीकडच्यांना वाटतं, आणि दुखणं मनातच राहतं. मॉर्मन कुटुंबांत मुदतीआधी परत येणाऱ्या मुलाकडे लोकांनी वेगळ्या नजरेनं पाहणं हा मोठाच प्रश्न आहे. असं दडपण असलेल्या मुलाला नाताळच्या फोनवर खरं बोलता येईल, ही अपेक्षा चुकीची आहे. साध्या मंगळवारच्या साध्या फोनवर मात्र खरं बोलता येतं. कणखरपणा शिकवायला आईचा आवाज बंद करण्याची गरज नाही.

पण त्यांच्या पद्धतीतली दुसरी एक गोष्ट मला मनापासून आवडते, ती म्हणजे सणाच्या दिवशीही या मुलांकडे दुसऱ्यासाठी करायचं काहीतरी काम असतं. कुणाच्या घरी जाऊन गाणी म्हणायची, कुणा म्हाताऱ्या माणसाची विचारपूस करायची, सामान हलवायला मदत करायची. खोलीत बसून घरचे फोटो पाहत राहिलं तर दिवस संपता संपत नाही. दुसऱ्याच्या उपयोगी पडलं की निदान संध्याकाळ होते.

एका डिसेंबरात अशी जोडी आमच्या दारात आली तेव्हा माझी आई इथे आलेली होती. तिनं आधी त्यांना आत बसवलं आणि मग चहा टाकला. त्यांनी नम्रपणे नको म्हटलं, कारण त्यांच्या पंथात चहा-कॉफी वर्ज्य आहे. आईला ते पटेना. ‘अरे, एवढ्या थंडीत आलेला पाहुणा चहासुद्धा घेत नाही म्हणजे काय? विचार त्यांना, दूध चालेल का!’ दूध चालत होतं. हळद-साखर घातलेलं गरम दूध आणि चिवडा दोघांनी संपवला. धर्माची पुस्तिका आम्ही नको म्हणून परत दिली, त्यांनीही आग्रह केला नाही. जाताना एकानं बाहेरच्या पायरीवरचं बर्फ फावड्यानं बाजूला केलं. आई दिवसभर म्हणत होती, ‘याची आई कुठे असेल रे?’

यावर काही पालक म्हणतील, ‘सगळं खरं, पण ही मुलं धर्म बदलायला सांगतात त्याचं काय?’ हा प्रश्न टाळून चालणार नाही. माझं मत स्पष्ट आहे. आपला धर्म बदलण्याविषयीच्या चर्चेला ‘नाही, धन्यवाद’ हे उत्तर पुरेसं आहे. ते हसून द्यावं, दार आपटून नव्हे. आणि मुलांसमोर द्यावं, म्हणजे नम्रपणे नकार कसा द्यायचा हे त्यांनाही कळेल. प्रचारकांकडूनही माझी एक अपेक्षा आहे. सणाच्या दिवशी एकटा असलेला माणूस हळवा असतो. त्याला जेवायला बोलवावं, पण त्या जेवणाच्या बदल्यात त्याच्या श्रद्धेची अपेक्षा करू नये. माया करायची ती विनाअट करावी.

आणि हे बोट आपल्याकडेही वळतं. डिसेंबरात इथली विद्यापीठं बंद होतात. इंग्रज मुलं घरी जातात आणि वसतिगृहात उरतात ती लांबून आलेली मुलं. पुण्याची, नागपूरची, कोल्हापूरची. तिकिटं महाग म्हणून ती घरी जाऊ शकत नाहीत. दुकानं बंद, गाड्या बंद, खोलीत नूडल्स. अशा मुलाला कुणी प्रेमानं घरी बोलावलं आणि तो गेला, तर आपण नाक मुरडायचं कारण नाही. आपण का बोलावलं नाही, हे आधी विचारावं.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. येत्या नाताळात आपल्या गावातल्या विद्यापीठातलं निदान एक मराठी मूल जेवायला बोलवा. पुरणपोळी नको, वरण-भात आणि लोणचं पुरे. आपली स्वतःची मुलं पुढे शिकायला दूर जातील तेव्हा सणावारीच फोन करू नका, अधूनमधून उगीचच करा. आणि फोनवर ‘अभ्यास झाला का?’ हा पहिला प्रश्न नसावा.

बालमित्रांनो, तुमच्यासाठीही एक काम आहे. घरी तो पाहुणा आला की त्याच्याशी मराठीत बोला. अडखळलात तरी चालेल. घरापासून दूर असलेल्या माणसाला आपली भाषा कानावर पडली की किती बरं वाटतं, ते त्याच्या तोंडाकडे पाहूनच तुम्हाला कळेल. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी आपलं नाव या शनिवारी वर्गातल्या कागदावर लिहावं. विद्यार्थ्यांपर्यंत निरोप पोचवण्याचं काम मी घेतो.

— एक पालक